मातीला टेकलेला हात

टीव्हीवर परदेशातली क्रीडास्पर्धा लागली होती. पुरुषांच्या सुमोचा सर्वांत जड वजनगट, आणि मातीच्या रिंगणात आमचा मुलगा ओंकार. स्वयंपाक, फोनचं चार्जिंग, देवापुढचा दिवा, सगळं मी आधीच उरकून बसले होते. भीती तेवढी उरकता आली नव्हती.

ओंकार कुस्तीच्या तालमीत वाढलेला. लढतीआधी वाकून माती कपाळाला लावायची, ही त्याची जुनी सवय. सुमोत मात्र दोघांचे हात जमिनीला टेकले की लढत सुरू होते. सरावात तो असाच माती घ्यायला वाकला आणि समोरचा येऊन धडकला. कितीतरी दिवस त्याच्या मानेला पट्टा होता.

"या वेळी नाही करणार तो तसं," हे म्हणाले.

"गाडीत बसल्यावर स्टिअरिंगला नमस्कार करायचं तुम्ही कधी विसरलात का?"

समोरचा धिप्पाड पैलवान मुठी टेकून तयार झाला, आणि ओंकारचा हात मातीकडे गेलाच. बोटं टेकली, मान झुकली. नमस्कार करणाऱ्याची मान उघडीच असते. समोरचा थांबेल, एवढ्याच भरवशावर माणूस वाकतो. पट्टा, मलम, गोळ्या मी त्याच्या बॅगेत भरल्या होत्या; हा भरवसा कुठून भरणार?

समोरच्याने मुठी उचलल्या. तो थांबला. ओंकारने कपाळाला माती लावली.

"बघ, थांबला की नाही!" हे म्हणाले.

दोघे पुन्हा वाकले होते. चारही मुठी मातीकडे येत होत्या, आणि आता कोणीच थांबणार नव्हतं.