सहा काळ्या पेट्या

ट्रक टिटवाळ्याला आमच्या बिल्डिंगखाली लागला तेव्हाच मला शिसारी आली. त्यात आणखी दोन फौजी कुटुंबांचं सामान होतं आणि वाटेत कुणाची तरी लोणच्याची बरणी फुटलेली. माझ्या मुलाच्या नऊ पत्र्याच्या पेट्या त्या तेलात लडबडलेल्या. काळा रंग, वर पांढऱ्या अक्षरांत त्याचा फौजी नंबर, हुद्दा, आडनाव. एकीच्या मागच्या फटीत उंदरानं पिल्लं घातलेली. हमाल हात लावेना, म्हणून ती मीच कागदात घेऊन टाकली.

मुलगा फौजेत हवालदार. त्याची बदली सरहद्दीवर झाली, तिथं कुटुंब नेता येत नाही. म्हणून सून आणि लहानगी नात जबलपूरचं सरकारी क्वार्टर खाली करून माझ्याकडे आल्या. माझी बायको गेल्यापासून घर रिकामंच होतं. मी चौथी शिकलेला माणूस. शहाडला कारखान्यात उभा जन्म काढून या दोन खोल्या घेतल्या, कुणापुढं हात न पसरता. मला वाटलं, आता घर भरलं.

कसलं भरतंय. सुनेनं तीन पेट्या उघडल्या. बाकीच्या सहा हॉलमध्ये भिंतीला लावून वर चादर टाकली आणि आल्यागेल्याला त्यांच्यावर बसवायला लागली. मी रोज म्हणायचो, उघड. ती म्हणायची, परत भरायच्याच आहेत मामा. पत्र्याला गंज सुटला, मागनं झुरळं निघायला लागली, डांबरगोळ्यांचा वास जेवणाच्या ताटापर्यंत. दोन वर्षं हे मी सहन केलं. एकदा शेजारीण नातीला म्हणाली, तुमचं घर छान आहे गं. पोरगी म्हणाली, घर नाही काकू, आता आमचं स्टेशन आजोबांकडे आहे.

ते माझ्या काळजात घुसलं. माझ्या घामाचं घर, आणि पोरीच्या लेखी ते फौजी भाषेतलं स्टेशन, बदलीची जागा.

गेल्या मे महिन्यात सून नातीला घेऊन माहेरी, कराडला गेली. मी सुतार बोलावून भिंतभर फळ्या मारून घेतल्या आणि सहाही पेट्या उपसल्या. ब्लँकेटं, जादा भांडी, आणि पडदे. एकाच हिरव्या कापडाचे पाच मापांचे पडदे, कारण प्रत्येक क्वार्टरची खिडकी वेगळी. हे बघून तर ओकारीच यायची राहिली. माणसानं पडदेसुद्धा पुढच्या खिडकीसाठी जपायचे? सगळं फळ्यांवर लावलं. पडद्यांची एक जोडी माझ्या खिडकीला बरोबर बसली, ती टांगली. झाकणांच्या आत सुनेनं सामानाच्या याद्या चिकटवलेल्या. त्या फाडायचीही तसदी घेतली नाही. पेट्या शहाडच्या भंगारवाल्याला फुकट देऊन टाकल्या आणि वर त्याला चहा पाजला.

आठवड्यानं सून आली. फळ्या बघितल्या, पडदा बघितला. आत जाऊन चहा केला, माझा कप समोर ठेवला आणि मग विचारलं,

"पेट्या कुठायत मामा?"

"दिल्या. हे घर आहे, गोदाम नाही."

"ह्यांचा काल फोन आलेला. बदली झाली. क्वार्टर मिळतंय. पंधरा दिवसांत निघायचंय."

नात दारातच होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे पप्पा रोज घरी येणार?"

आता खरं सांगतो. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, तर बरं झालं, सहा पेट्या गेल्या, आता ह्या दोघी कशा जातील. पोरगी दोन वर्षं बापाविना काढते आणि आजोबाला हे सुचतं. उंदराच्या पिल्लांची आली नव्हती एवढी किळस मला माझी आली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शहाडला गेलो. पाच पेट्यांचे पत्रे कापून झालेले. सहावी भंगारवाल्यानं एका मासेवालीला विकली होती. बाजारात जाऊन बघतो तर माझ्या मुलाचं आडनाव खवल्यांनी माखलेलं, खालनं लाल पाणी गळतंय, आत बर्फ आणि बांगडे. मी सांगितलं, ही माझ्या फौजेतल्या पोराची पेटी आहे. बाई सुरी पुसत म्हणाली, "मंग बरं हाय की बाबा. त्यानं सरहद राखली, त्याच्या पेटीनं माजं म्हावरं राखलं."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी मान खाली घातली. तिला थर्माकोलचा नवा खोका आणून दिला तेव्हा पेटी मिळाली. रिक्षावाल्यानं वासानं नाक दाबलं, बसवून घेईना. टेम्पो करावा लागला.

गच्चीवर चार दिवस ती घासली. चिंच झाली, राख झाली, सोडा झाला. वास हटेना. बाकीच्या पाच कल्याणहून नव्या आणल्या. काळा रंग मीच मारला. नंबर सून सांगायची, मी काढायचो. आयुष्यात एवढी नीट अक्षरं मी कधी काढली नव्हती. फळ्या पुन्हा रिकाम्या झाल्या.

निघताना सुनेनं मासळीची पेटी बाजूला सरकवली. म्हणाली, ही राहू दे मामा, क्वार्टरभर वास सुटेल. तुम्ही पण चला ना. मी म्हटलं, मी कुणाच्या क्वार्टरात राहणारा माणूस नाही. खिडकीचा पडदा तिनं काढला नाही. विसरली असेल, किंवा नसेल.

पेटी हॉलमध्ये आहे. वर चादर. ऊन तापलं की घाण मारते, आलेला माणूस बसत नाही. परवा तोच भंगारवाला खालनं ओरडत गेला, बाबा, काही पेट्याबिट्या आहेत का. मी खिडकी लावून घेतली.