गाठ वर की खाली: ऐनाच्या तुकड्यांसोबत कर्वेनगर ते हिंजवडी

"लाकूड? आजच्या काळात? लोखंड टाका की!" स्ट्रक्चरल इंजिनियर फोनवर हसले आणि माझं डोकंच फिरलं. मी आर्किटेक्ट, आणि लोणी काळभोरच्या तालमीचं छप्पर मी नकाशात ऐनाच्या तुळयांवर बेतलं होतं; तुळया कापूनही तयार होत्या. ऐन आपल्याच सह्याद्रीतलं झाड, पण या इंजिनियरसाहेबांना त्याची ताकद कागदावर हवी. कागद नसेल तर तुळया जळणात आणि वर लोखंड. म्हटलं, ठीक आहे, प्रयोगशाळेत मोडूनच दाखवते.

लोणीचे सुतार सुदाम मिस्त्री यांना फोन केला, "चांगले तुकडे काढून ठेवा." कर्वेनगरहून सकाळी साडेसहाला निघाले. लोणीला जाणार असाल तर सातच्या आत हडपसर ओलांडा, नाहीतर तिथेच जेवायची वेळ होईल. मिस्त्री तुकडे जुन्या धोतरात गुंडाळून उभेच होते, तेही सोबत निघाले. रस्त्यात टपरीवर वडापाव खाल्ला, मिरची झकास. मग अख्खं पुणे आडवं कापून हिंजवडीजवळची प्रयोगशाळा. कंपन्यांच्या बसगाड्यांमागे दीड तास! शिव्या सगळ्या संपल्या.

"मॅडम, फॉर्ममध्ये वूडचा ऑप्शनच नाहीये," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"मग 'इतर' लिहा. लिहिता येतं ना?"

यंत्राने तुकडे दोन टोकांवर टेकवून मधोमध दाबले. आकडे दणदणीत आले. मी आनंदाने मोडके तुकडे उचलले आणि थबकले. एकातही गाठ नव्हती, आणि लाकूड आधी मोडतं ते गाठीपाशीच.

"मिस्त्री, तुळयांत गाठी आहेत ना?"

"हायेत की. पण तपासणीला गाठीचं लाकूड कोन देतं, ताई? तुमीच म्हनला, चांगले आना."

"मॅडम, पास झालंय ना? मग रिपोर्ट घ्या आणि जा," मुलगा म्हणाला.

असा संताप आला! त्या छपराखाली रोज संध्याकाळी पोरं जोर मारणार, आणि मी हा खोटा कागद सही करून देऊ? तशीच मिस्त्रींना घेऊन लोणीला परत फिरले. तुळयांची जादा टोकं होती, त्यांतून गाठीचे तुकडे कापायला लावले. मिस्त्रींनी करवत चालवली ती तोंड फिरवूनच. त्यांना वाटलं, मला त्यांच्या लाकडावर भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता, तीच बसगाड्यांची रांग. मुलाने पहिला तुकडा गाठ खाली करून ठेवला आणि मिस्त्री ओरडलेच, "आवो, उलटं ठेवलंय! गाठ वर करा! ताण खाली येतो, गाठ तिथं आली की लाकूड उकलतं!"

मी दोन्ही बाजूंनी तीन-तीन तुकडे मोडायला लावले. गाठ खाली असलेले कडाकड मोडले, आकडा नापास. गाठ वर असलेले जवळजवळ कालच्याइतके टिकले. मुलगा फॉर्म बाजूला ठेवून बघत बसला.

घरी येऊन मी तुळयांमधलं अंतर कमी केलं आणि नकाशावर प्रत्येक तुळईपाशी लाल शाईने लिहिलं, 'गाठ वर'. इंजिनियरांनी सही केली. वर विचारतात कसे, "हे कोणत्या पुस्तकात मिळालं हो?"

त्यांच्यावर चिडणं सोपं आहे. पण टेबलावर ते मोडके तुकडे पडलेत आणि राग येतो तो माझाच. तालमीचा नकाशा काढायला मला दोन महिने लागले, मिस्त्री तालमीपासून हाकेच्या अंतरावर राहतात, आणि मी त्यांना विचारलं काय? काहीच नाही. फोनवर एवढंच सांगितलं, चांगले तुकडे काढून ठेवा.