आधी आई, मग बाप

ब्रिटा हाउगेनचे हात हा आमच्या पंचक्रोशीत चेष्टेचा विषय होता. विस्कॉन्सिनचा आमचा टापू दुधाचा, इथल्या पोरी काही नाजूक नसतात. पण ब्रिटाचे पंजे म्हणजे फावडीच. कुणाची गाय अडली की शेजारी आधी तिला फोन करायचे, मग जनावरांच्या डॉक्टरला. आणि कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत ही पोरगी विद्यापीठाच्या शेतावर निघाली कशाला, तर सोयाबीनचा संकर करायला! सोयाबीनची कळी ती केवढी, भाताच्या दाण्याएवढी. ती चिमट्याने सोलायची आणि आतल्या नाजूक टोकावर दुसऱ्या झाडाच्या फुलातला पराग फिरवायचा. पशुखाद्याच्या गिरणीवर कॉफी प्यायला जमणारे म्हातारे हे ऐकून पोट धरून हसले.

तिचे वडील आर्ने मात्र हसले नाहीत. त्यांचा गुडघा कामातून गेला होता आणि गोठा ब्रिटाने सांभाळावा असं त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. बापलेकीची बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: विद्यापीठाच्या शेतावर काही करून दाखवलं तर पुढे शीक, नाहीतर नाताळाला सामान बांधून घरी ये. संकराचं काम पाहणारे प्राध्यापक लिंडक्विस्ट यांनीही आडपडदा ठेवला नाही. खरा संकर झालेलं एक रोप जरी तिने दाखवलं, तरी ते तिला पुढेही आपल्याकडे कामाला ठेवणार होते.

सुरुवातीला तिने फुलांचा नुसता भुगा केला. ती वैतागली, रडली, चिमटा फेकून दिला आणि परत उचलून आणला. पण नवजात वासराच्या तोंडात बोट घालून त्याला दूध प्यायला शिकवणारा हात तो, हळूहळू वळणावर आला. पुढेपुढे तर सरीत छोट्या स्टुलावर बसून ती गुणगुणत कळ्या सोलायची. प्रत्येक फुलाखाली रंगीत दोरा बांधायची. दोरे बांधलेल्या फुलांच्या जागी शेंगा धरू लागल्या तशी तिची मान ताठ झाली.

प्राध्यापक परिषदेहून परतले ते थेट शेतात आले. जाताना ते तिला एवढंच सांगून गेले होते, की बारा गुणिले चाळीस करायचं. बारा नंबरची जात पांढऱ्या फुलांची, चाळीस नंबरची जांभळ्या, आणि गुणिले म्हणजे या दोघींचा संकर. ब्रिटाने मोठ्या तोऱ्यात शेंगा दाखवल्या. प्राध्यापकांनी दोरे पाहिले, झाडं पाहिली, पुन्हा दोरे पाहिले.

"ब्रिटा, ही आई आहे?"

"हो सर. चाळीस आई, बारा बाप. तुम्हीच सांगितलंत ना?"

प्राध्यापकांनी कपाळावर हात मारला आणि मग हसत सुटले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. अहो, वनस्पतींच्या दुनियेत आईचं, म्हणजे पराग घेणाऱ्या झाडाचं, नाव आधी घेतात. आणि आमच्या गोठ्यात? वळू आधी, गाय नंतर! ब्रिटा जन्मापासून तेच ऐकत आलेली. तिने बारा नंबरला बिनदिक्कत वळू करून टाकलं होतं.

हसू ओसरल्यावर प्राध्यापक तिच्या शेजारी मातीत बसले आणि त्यांनी तिला समजावून सांगितलं. आई पांढऱ्या फुलांची असली तर संकराचं रोप जांभळ्या देठाचं उगवतं, कारण जांभळा रंग बापाकडूनच येऊ शकतो. संकर फसला आणि फुलाने स्वतःचाच पराग घेतला, तर देठ हिरवा. पण आईच जांभळी असली की सगळी पोरं जांभळीच, बाप कुणी का असेना. मग खरा संकर कोणता ते ओळखणार कसं? म्हणजे इतक्या दिवसांची मेहनत, सगळं मुसळ केरात.

ब्रिटाच्या तोंडचं पाणी पळालं. फुलांचा हंगाम संपत आला होता. पांढऱ्या झाडांच्या शेंड्यांवर तेवढ्या थोड्या कळ्या उरल्या होत्या, आणि शेंड्यावरचं फूल फार टिकत नाही. तरी ती दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत सरीत हजर. आता गुणगुणणं बंद. या वेळी तिने चाळीस नंबरचा पराग बारा नंबरला लावला. उन्हाने फुलं पटापट गळत होती. शेवटी मोजून चार शेंगा टिकल्या. त्या वाळल्यावर तिने बिया काढल्या आणि विद्यापीठाच्या काचघरात कुंड्यांमध्ये लावल्या.

नाताळाच्या तोंडावर आर्ने पिकअप घेऊन लेकीला न्यायला आले. तिच्यासाठी ताज्या, दाताखाली करकर वाजणाऱ्या चीजची पिशवी आणली होती. तिच्या खोलीतली खोकी त्यांनी सकाळीच गाडीत चढवली, मग दोघं काचघरात गेले. प्राध्यापक तिथेच उभे होते. बिया रात्रीतून वर आल्या होत्या.

पहिली कुंडी हिरवी. दुसरी हिरवी. तिसऱ्या कुंडीतला देठही हिरवागार. ब्रिटाने पुढे बघायचं सोडून तोंड फिरवलं आणि बापाला म्हणाली, चल, रस्त्यावर बर्फ साचायच्या आत निघू.

आर्ने जागचे हलले नाहीत. ते कळवळत गुडघ्यावर बसले आणि कोपऱ्यातल्या कुंडीतलं रोप त्यांनी आपल्या फावड्यासारख्या बोटाने हळूच उजेडाकडे वळवलं. हा गडी सोयाबीन आयुष्यभर गुरांना घालत आलेला, पण लेकीने फोनवर कितीदा तरी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं म्हणायचं. देठ तळापासून जांभळा होता.

"हे पोर बापावर गेलंय," ते म्हणाले.

प्राध्यापकांनी वाकून पाहिलं आणि हसून होकारार्थी मान डोलावली. ब्रिटा आधी हसली, मग तिला रडू फुटलं, आणि तिने त्या भल्यामोठ्या पंजांत तोंड लपवलं. आर्ने प्राध्यापकांच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, बाहेर गेले आणि पिकअपमधलं पहिलं खोकं काढून परत तिच्या खोलीच्या जिन्याकडे लंगडत निघाले. ब्रिटा मागून धावली.

"बाबा, अरे गोठ्याचं काय? तुझा गुडघा—"

"गुडघा माझा दुखतोय, तुझा नाही. बघत काय उभी राहिलीस? दुसरं खोकं उचल."