रुक्मिणीच्या पडवीतली शाळा

वालावलच्या देवळात श्रावणात पोथी लागली की वाचायला कोणीही बसे. अर्थ सांगायचा तो मी. बारा वर्षं ती बैठक माझी होती. शाळेत दोनच इयत्ता गेलो, बाकी सगळं आपल्या जोरावर शिकलो, याचा मला ताठा होता.

रुक्मिणीही तशीच शिकलेली. नवरा मुंबईला गोदीत. शाळा खाडीपलीकडे, आणि पावसाचे चार महिने होडी बंद. म्हणून तिने मुलीला, शेवंतीला, पडवीतच शिकवायला घेतलं. सकाळी पोथी, दुपारी भात सडताना इतिहास. पोथी मिटली की विचारी, "तुका काय वाटला?" इतिहास झाला की विचारी, "ह्या कोणी लिवन ठेवला? कधी?"

येणारेजाणारे पडवीत टेकून ऐकत. ते बघून माझ्या पोटात दुखे.

"घरात शिकान कोण शहाणो झालो?" मी एकदा म्हणालो.

"मगे तू खंयच्या कॉलेजात गेल्लंस रे?" धोंडू गुरवाने तोंडावर मारलं.

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात पोथीत सेतू बांधायचा प्रसंग आला. दरवर्षीसारखं मी जोडून दिलं, "मालवणचो किल्लो बांधलो तेव्हा माझ्या पणज्यानं असेच दगड व्हावले!"

बारा वर्षांची शेवंती हळूच म्हणाली, "आबानू, त्येका तीनशा वर्सा होवक इली. तुमचो पणजो?"

"अजून जिवंत आसतलो!" धोंडू म्हणाला. देऊळ हसलं.

रुक्मिणी तेवढी हसली नाही. मुलीला म्हणाली, "आबांनी गोष्ट सांगली गो. गोष्टीक साल इचारूचा नाय."

तिने माझी लाज राखली, तेच मला जास्त लागलं. मी ती गोष्ट म्हणून कधीच सांगितली नव्हती. मी ती खरी मानत होतो. माझी दोन्ही मुलं शाळेत सातवी झाली, पण घरी हे शंभरदा ऐकूनही एकानेसुद्धा मला साल विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पदरचं काही जोडायला गेलो की नजर शेवंतीकडे जाई आणि जीभ अडखळे. पाचव्या दिवशी मी बैठकीवरून उठलो.

"बस गो चेडवा. तू सांग."

ती सांगू लागली. खांबापाशी रुक्मिणीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मी खाली बसून मुलीची चूक शोधत होतो. समाप्तीपर्यंत सापडली नाही.