देव अजून जेवत होता

माझ्या सासऱ्यांनी जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या एका व्हिएतनामी हॉटेलात देवापुढची संत्री उचलली, हे खरं आहे. ती त्यांनी स्वतः खाल्ली नाहीत, सोलून गिऱ्हाइकांना वाटली, हेही खरं आहे. त्यानंतर जे झालं त्याला मात्र मी दिलेली खोटी बातमी कारणीभूत होती.

सासरे, म्हणजे नाना, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सासूबाई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. नाना सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, वाढपातून नाही. पुण्यातल्या सोसायटीचा उत्सव असो की कुणाची मुंज, कमरेला उपरणं बांधून जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरणार नानाच. ‘नको नको’ म्हणत पानावर आडवे आलेले हात चुकवून जिलबी नेमकी पानात टाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांचं पार्सल न्यायला आले. नानांनी त्यांना बेसनाचा लाडू दिला. तो संपल्यावर दुसरा दिला. ते ‘नाइन, डांके’, म्हणजे ‘नको, आभार’, म्हणाले, म्हणून तिसरा दिला. चौथा त्यांनी दारातून बाहेर पडता पडता, डोळे मिटून खाल्ला. तेव्हापासून ते आमच्या मजल्यावरून चवड्यांवर जातात.

नानांना समजावणं भाग होतं. माझा नवरा मंदार सुरुवात करून बसला, पण त्याची वाक्यं लांबत जातात. मी पुण्यात असताना वर्तमानपत्रात मथळे द्यायचे. मी तो विषय दोन ओळींत बसवला.

“नाना, इथे एकदाच विचारतात. नको म्हणजे नको.”

“बरं,” नाना म्हणाले.

नियम सगळ्यांनाच लागू आहे, असं त्यांनी धरलं. आम्हीही धरलं.

“नाना, भात वाढू?”

“नको.”

“बरं.” आणि पातेलं फ्रीजमध्ये. (ईरा, आमची नऊ वर्षांची मुलगी, ते आजोबांची नजर पातेल्यावर असतानाच उचलायची. ती इथेच वाढली आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि नको म्हणजे तिला खरोखरच नको वाटतं.) महिन्याभरात नानांचा पट्टा दोन भोकं आत गेला. आम्ही हवेला दोष दिला.

मग एका शुक्रवारी नाना मंदारला म्हणाले, “तिकीट अलीकडचं मिळतंय का बघशील?”

“का हो नाना? काही झालं का?”

“झालं काही नाही. काही होतच नाही इथे.”

मंदारने सोमवारी फोन करून विचारतो म्हणून सांगितलं. मला म्हणाला, “म्हणजे आपल्याकडे दोन दिवस आहेत. त्यांना कुठेतरी बाहेर नेऊ या. गरम काहीतरी खाऊ घालू.” शाकाहारी आणि गरम या दोन अटींवर स्टेशनजवळचं ते व्हिएतनामी हॉटेल निघालं. तिथे तांदळाच्या शेवयांचं सूप मिळतं, मोठ्या वाडग्यात, भाज्या आणि टोफू घालून.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. मंदार गाडी लावायला गेला. ईराने सगळ्यांचं मागवलं. नाना मात्र दारातच थांबले होते.

गल्ल्याशेजारी, जमिनीलगत, एक लहानसं लाल देवघर होतं. आत लाल दिवे, एक ढेरपोट्या हसरा देव, समोर संत्र्यांची रास, चिमुकल्या पेल्यांत पाणी आणि एका कपात काळी कॉफी.

नानांनी बूट काढले आणि हात जोडले. “पोट बघ,” मला म्हणाले. “आपल्यातलेच दिसतायत.”

“नाना, बूट राहू द्या पायात.”

“देवासमोर?” मग कॉफीकडे बघून म्हणाले, “इथे राहून सवय लागली असणार.”

टेबलावर येऊन बसल्यावर त्यांनी हवेत नाक वर केलं. “मसालेभात होतोय कुठेतरी.”

“चक्रफूल आहे नाना. सूपमध्ये घालतात हे लोक.”

“असं होय.” ते काही वेळ नुसतेच वास घेत बसले. पुण्याहून आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कानांवर हेडफोन लावलेला एक तरुण. एक म्हातारं जोडपं, दोघंही आपापल्या वाडग्यात बघणारी. सायकलवरून आलेले चौघे, शिरस्त्राणं मांडीवर घेऊन. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

“नैवेद्य दाखवलाय,” नाना म्हणाले, “आणि प्रसाद कोणाच्याच पुढ्यात नाही.”

“असेल त्यांची काही पद्धत.”

“माणसं कमी असतील. आत एकटी बाई राबतेय बिचारी.”

मी मेन्यूकार्ड चाळत होते. (त्यात प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीचे आकडे असतात. मी ते वाचते. कोणी वाचत नाही, पण छापलेलं वाचायची मला सवय आहे.) मी मान वर केली तेव्हा नाना मोज्यांवर उभे होते, संत्री सोललेली होती, फोडी एका बशीत होत्या आणि बशी हेडफोनवाल्या तरुणाच्या नाकाखाली होती.

“घ्या. प्रसाद.”

“नाइन, डांके.”

नाना हलले नाहीत. पंगतीतला वाढपी पानासमोरून हलत नाही.

“आजोबा, दास गेट निश्त,” ईरा कुजबुजली. असं चालत नाही, हे तिला नर्सरीपासून पाठ आहे.

मी धावले. आता इथे मी काय म्हणायला हवं होतं, ते उघड आहे. माफ करा, आमचे सासरे आहेत, पाहुणे आहेत. ते न म्हणता मी त्या तरुणाला जर्मनमध्ये सांगितलं, “आज यांचा सण आहे. रिवाज आहे इथला.”

इतकी वर्षं मी लोकांच्या बातम्या ‘कोणी सांगितलं?’ असं लिहून परत पाठवल्या होत्या.

तरुणाने हेडफोन काढले आणि हात पुढे केला.

“उजवा,” नाना म्हणाले.

“उजवा हात, कृपया,” मी भाषांतर केलं. नियम आहे म्हटल्यावर त्याने तत्काळ हात बदलला.

म्हाताऱ्या जोडप्यातल्या बाईंनी याचे पैसे वेगळे पडतात का, ते विचारलं. नाही म्हटल्यावर दोन फोडी घेतल्या. त्यांच्या यजमानांनी ॲलर्जीचा आकडा विचारला. सायकलवाल्यांपैकी एकाने, त्या टेबलाला दोन आणि आम्हाला एकच का, अशी रास्त हरकत घेतली. मी नानांना ती सांगितली.

“अरे, मग मागायचं ना!” नाना म्हणाले. महिन्यात प्रथमच त्यांचा आवाज मला पंगतीतल्यासारखा ऐकू आला. “घ्या. लाजताय काय? तरणीताठी पोरं तुम्ही.”

संत्री संपली. नाना देवघराकडे वळले आणि एक चिमुकला पेला उचलून परत आले. दुसऱ्या हातात सूपचा चिनी मातीचा चमचा, पळी म्हणून.

“नाना, आता हे काय?”

“तीर्थ.”

‘तीर्थ’ला जर्मनमध्ये शब्द नाही, म्हणून मी पुन्हा रिवाज म्हणाले. सगळ्यांनी ओंजळी पुढे केल्या. नाना आधी स्वतः घेतात आणि मग देतात. त्यांनी चमचाभर घेतलं. डोळे विस्फारले. डोळ्यांतून पाणी आलं. जन्मात सुपारीखेरीज व्यसन नसलेला माणूस काही क्षण छातीवर हात ठेवून उभा राहिला.

“जागृत आहे,” ते म्हणाले, आणि वाढायला लागले.

ती तांदळाची दारू होती. बाकीच्या पेल्यांत पाणीच होतं, नानांच्या हाती नेमका तो लागला. सायकलवाल्यांनी शांतपणे ओंजळ दुसऱ्यांदा पुढे केली. म्हाताऱ्या बाईंनी यजमानांना हा सण दर वर्षी असतो का, ते विचारायला सांगितलं. हेडफोनवाला तरुण सायकलवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसला होता.

अशा वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मालकीण चार वाडगे घेऊन बाहेर आली. त्याच वेळी रस्त्यावरच्या दारातून मंदार आत आला.

“सणाच्या शुभेच्छा,” म्हातारे गृहस्थ उठून मालकिणीला म्हणाले.

“कसला सण?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंदारने मोज्यांवर उभ्या नानांकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, रिकाम्या देवघराकडे पाहिलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं.

“तू आता काही सांगू नकोस,” तो म्हणाला. “ईरा सांगेल.”

मालकिणीने आत हाक मारली. पदर खोचावा तसा ॲप्रन खोचलेली एक ठेंगणी आजी बाहेर आली, तिची आई. ती देवघरापुढे वाकली, मग नानांकडे वळून व्हिएतनामीत काहीतरी बोलली. मालकिणीने ते जर्मनमध्ये ईराला सांगितलं. ईराने आजोबांकडे बघितलं, आणि एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली,

“आजोबा, ती आजी म्हणते, देव अजून जेवत होता. तुम्ही ताट ओढलं.”

“म्हणजे?”

ईराने बोट दाखवलं. कॉफीच्या कपामागे एक उदबत्ती अर्धी जळत होती. तिचा धूर सरळ वर जात होता. ती विझली की देवाचं जेवण झालं, मग प्रसाद उचलायचा.

नानांचा चेहरा उतरला. परक्याची संत्री उचलली याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण भरल्या पानावरून कोणाला उठवणं, तेही त्यांच्या हातून! त्यांनी चमचा खाली ठेवला आणि दोन्ही कान पकडले.

“आम्ही निघतो,” ते मंदारला म्हणाले. “चुकलंच माझं. मला आता काही जमत नाही रे.”

तेवढ्यात त्या आजीने आतून नवी संत्री आणली, रचली, दुसरी उदबत्ती लावली, आणि नानांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. उदबत्तीकडे बोट दाखवलं, मग वाडग्याकडे. भाषांतराची गरज पडली नाही.

नानांनी वाडगा संपवला. आजी कढईएवढा डाव घेऊन आली.

“नको, नको,” नाना वाडग्यावर हात आडवा धरून म्हणाले.

तिने तो हात उचलून बाजूला ठेवला आणि डाव रिकामा केला.

नाना थबकले. मग जेवू लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात आडवे धरले, आणि तिने दोन बोटांच्या फटीतून शेवया आत सोडल्या. वाढण्यात नानांचा हात धरणारी अखेर भेटली होती. नानांनी रुमालाने नाक पुसलं.

“तिखट आहे,” ते म्हणाले. मिरचीची बशी मी त्यांच्यापासून लांब ठेवली होती.

उदबत्ती विझल्यावर आजीने प्रसादाची बशी स्वतः नानांच्या हातात दिली. बिलं चुकती केलेली माणसंही थांबली होती. पेला मात्र नानांनी या वेळी आधी हुंगून पाहिला. सायकलवाले जरा खट्टू झाले.

गाडीत बसल्यावर मंदारने हळूच विचारलं, “नाना, ते तिकिटाचं... सोमवारी फोन करू ना?”

“राहू दे,” नाना म्हणाले. “शनिवारी तिथे उदबत्तीकडे लक्ष कोण ठेवणार?”

ते ठरल्या तारखेपर्यंत राहिले. दर शनिवारी कमरेला उपरणं बांधून जात. त्या रात्रीपासून घरी ते मला न विचारता भात वाढू लागले, आणि आम्हीही त्यांना. माझं वजन वाढलं. मी हवेला दोष दिला.

नाना गेले त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही तिघं त्या हॉटेलात गेलो. ईराने देवघरापुढे बूट काढले. आजी दुसऱ्या मुलीकडे गेली होती. डाव घेऊन मालकीण आली आणि सूप आणखी हवंय का, असं विचारलं. मी मान खाली घातली, वाडगा किंचित पुढे सरकवला आणि ‘नाइन’ म्हणाले.

“आलेस क्लार,” म्हणजे ‘ठीक आहे’, असं म्हणून ती वाडगा घेऊन गेली.

“तुला हवं होतं?” मंदारने विचारलं.

“हो.”

“मग नको का म्हणालीस?”

घरी आल्यावर मी चहाबरोबर कालची पोळी खाल्ली. मंदारने डबा उघडा धरून विचारलं, “आणखी एक?” मी सवयीने नको म्हणाले. त्याने डबा बंद केला.