ड्रायव्हरची जागा

मोठ्या नकाशाच्या ओल्या शाईचा वास आला की उस्मानपुऱ्यातलं घर आठवतं. विनाचालक मेट्रोचा आराखडा मी फरशीवर पसरला होता. बिडकीनची बस चालवण्यात जन्म गेलेले माझे वडील पहिल्या डब्यावर बोट ठेवून म्हणाले, “ड्रायव्हर कुठं बसतो?” “नसतोच, अण्णा. दारंसुद्धा ठरल्या सेकंदाला आपोआप लागतात,” मी ऐटीत सांगितलं. अण्णांनी बोट डब्याच्या दारावर सरकवलं. “बिडकीनला एक म्हातारी रोज पळत यायची. आरशात दिसली की थांबायचो मी. इथं कोण थांबंल रं?” मी हसलो. आता अण्णा नाहीत. दूरच्या शहरात ती मेट्रो धावते. मी मुद्दाम पहिल्या डब्यात उभा राहतो, आणि दारं लागताना कुणी पळत येताना दिसलं की माझा पाय ब्रेक शोधतो.