त्या दुपारी घरात कोणी नव्हतं

आंगणे गेल्याचं कळलं तेव्हा मी एपीएमसी मार्केटात लोणच्यासाठी लिंबं निवडत होते. फोन प्राजक्ताचा, त्यांच्या सुनेचा. "काकू, बाबा गेले. मी चहासाठी उठवायला गेले, तर..." लिंबं तिथेच टाकून मी रिक्षा पकडली. त्याला आता महिना उलटून गेलाय. मधल्या दिवसांत लोकांनी त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. पण त्यांच्यावर जे गुदरलं होतं ते मोजक्याच माणसांना ठाऊक आहे, आणि ते लिहा असं प्राजक्तानेच मला सांगितलं, म्हणून लिहितेय.

वसंत आंगणे आणि मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात वर्षानुवर्षं बरोबर होतो. कंपनीची बस आम्हा दोघांना बोनकोड्याच्या थांब्यावरून उचलायची. मालवणकडचा माणूस, बसमध्ये आवाज शेवटच्या सीटपर्यंत. पण कागद हातात आला की एकदम गप्प. कंटेनरचा नंबर आधी स्वतः वाचायचे, मग माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. "माज्या डोळ्यांवर माजा भरवसा नाय, देसाईबाई. तुमी वाचा." बायको गेली, रिटायर झाले, आणि कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये मुलगा नितीन, प्राजक्ता आणि नात ओवी यांच्यात रमले. नितीनचा जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत आला. त्यावर दशावताराची नाटकं बघायची, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून पत्रं लिहायची, आणि संध्याकाळी शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या ओवीकडून आपल्या स्पेलिंगच्या चुका काढून घ्यायच्या... हे त्यांचं सुख.

सोसायटीच्या लिफ्टचे कागद एकत्र करून एक फाइल बनवायची होती. तसं करून देणारं काहीतरी फुकट मिळतं का म्हणून त्यांनी शोधलं. एका पानावर 'डाउनलोड'ची चार बटणं होती, त्यातलं सगळ्यात मोठं त्यांनी दाबलं. फाइल झाली, काम झालं. त्यानंतर ब्राउझर बिघडला. उघडला की भलतंच पान यायचं, काही शोधायला जावं तर तिसरीकडेच न्यायचा, कोपऱ्यात 'व्हायरस सापडला, ताबडतोब या नंबरवर फोन करा' अशा पट्ट्या. आणि मग बायकांची चित्रं. मला लिहवत नाहीत अशी. आंगणे ती घाईघाईने बंद करायचे. नेटवर सगळ्यांनाच अशा जाहिराती दिसत असतील, असं ते धरून चालले. कोणाला विचारावं तर विचारायचं कसं, याचीच लाज.

एका संध्याकाळी तसलं पान ओवीसमोर उघडलं, आणि त्याच वेळी प्राजक्ता दूध घेऊन दारात आली. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ओवीचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली. नंतर नितीनने ब्राउझरची हिस्टरी काढली. आधी काय काय उघडलं गेलं ते तिथे दिसतं. तसल्या पानांची रांगच होती. दुसऱ्या दिवसापासून ओवी आईच्या खोलीत अभ्यासाला बसू लागली. "ओवी येत नाही ती?" आंगण्यांनी विचारलं, तर, "परीक्षा आहे, बाबा." परीक्षा संपली तरी ती येईना. शेवटी नितीननेच त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटे आहात, आम्हाला समजतं. तुमचं तुम्ही काय बघता त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण घरात लहान मुलगी आहे हो..."

हे त्यांनी मला खाडीकाठच्या बागेत सांगितलं. आवाज इतका खाली, की मला वाकून ऐकावं लागलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "तुमी विचारलं नाय, मी बघत होतो का म्हणून."

"विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं.

त्यावर हा एवढा दणकट माणूस रुमालात तोंड घालून रडला.

नितीन म्हणत होता, मशीन फॉरमॅट करून टाकू, विषय संपला. आंगण्यांनी हातच लावू दिला नाही. "सगळं पुसून टाकलं, तर मी नव्हतो ते कशावरून कळणार?" बरोबर होतं ते. मग ते स्वतःच मागे लागले. मोबाइलवर वाचायचं, कॉम्प्युटरवर करून बघायचं, पुढे जाण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये कुठकुठल्या साइट्सना सूचना पाठवायची परवानगी गेलीय ते त्यांना सापडलं. त्यांनी कधीच न घेतलेलं एक एक्स्टेंशन सापडलं. म्हणजे ब्राउझरला चिकटणारा एक छोटा प्रोग्राम. लिफ्टची फाइल केली त्याच दिवशी तो आत शिरला होता. त्यांनी तो काढला, परवानग्या बंद केल्या, आणि नितीन-प्राजक्ताला बोलावून दाखवलं. दोघं "बरं, बरं" म्हणाली. दुसऱ्या सकाळी नितीन काहीतरी बघायला बसला आणि तेच चित्र पुन्हा उघडलं. नितीनने मान खाली घातली आणि उठून गेला. "देसाईबाई, पयल्या वेळेपेक्षा ह्ये जास्त लागलं," आंगणे म्हणाले. "आता मी खोटारडापण."

तरी सोडलं नाही. एक्स्टेंशन परत आत आणणारा दुसराच प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये बसला होता, वेगळ्याच साळसूद नावाने. त्यांनी इंटरनेट तोडून तो काढला, अँटिव्हायरस लावून सगळं मशीन तपासलं, ब्राउझर मुळापासून रीसेट केला, आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. चित्रं थांबली. पण चित्रं थांबणं म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांना कळत होतं. मग काढलेल्या फोटोंमधली हिस्टरी ते मला घेऊन वाचायला बसले, तारीख-वेळेसकट. मीच मोठ्याने वाचत होते. एका रविवारच्या नोंदी वाचताना ते म्हणाले, "थांबा. ह्या दिवशी आपण कुठे होतो?"

जासईला होतो! आमच्या ऑफिसातल्या म्हात्र्यांच्या मुलीचं लग्न. आंगणे, नितीन, प्राजक्ता, ओवी, मी, सगळे एका गाडीतून गेलो होतो आणि दिवेलागणीला परतलो होतो. घराला कुलूप, कॉम्प्युटर मात्र चालू राहिला होता. आणि त्या भर दुपारी त्यावर ओळीने ती पानं उघडली गेली होती. आपोआप.

प्राजक्ताला त्यांनी एकटीलाच बोलावलं. नितीन नव्हता, मी मात्र होते तिथे. तिने त्या रविवारच्या नोंदी वाचल्या, मग तिच्या मोबाइलमधला लग्नातला फोटो काढून त्यावरची वेळ पाहिली. "त्या दुपारी घरात कोणी नव्हतं..." एवढंच म्हणाली आणि त्यांच्या पायाशी बसली. "ऊठ गो," ते म्हणाले. "पोरीची आई हायस तू."

नंतर ते सोसायटीतल्या म्हाताऱ्यांचे ब्राउझर साफ करून द्यायला जाऊ लागले. अट एकच. मुलगा, सून, जे कोणी असेल ते समोर हवं. सगळ्यांदेखत आधी सांगायचे, "ह्ये आपोआप येतं. कोणी काय बघितलं म्हणून येत नाय." मग बाकीचं. स्क्रीनवर आलेल्या नंबरवर फोन करू नका, कुठल्या साइटने 'अलाऊ' म्हणून परवानगी विचारली तर नाही म्हणा, काही उतरवायचं तर मूळ कंपनीच्या साइटवरून, अपडेट आलं की करून टाका.

परवा मी त्यांच्या घरी गेले. प्राजक्ता मला खोलीत घेऊन गेली. कॉम्प्युटरचं टेबल भिंतीपासून ओढून असं फिरवलं होतं, की स्क्रीन थेट हॉलमधून दिसावी. "बाबांनीच फिरवलं होतं," ती म्हणाली. "आम्ही किती सांगितलं, बाबा, आता काही गरज नाही. ऐकलं नाही. आणि ओवी येऊन बसली की उठून गॅलरीत जायचे. ती हाका मारायची, आजोबा, स्पेलिंग बघू या. तिथूनच सांगायचे, तू कर गो." मग तिने विचारलं, "काकू, माझ्याबद्दल तुमच्याकडे कधी काही बोलले?"

बोलले होते. बागेत, त्याच बाकावर. "तिनं बरोबर केलं. मी तिच्या जागी असतो तर मीपण पोरीला उचलून नेलं असतं," असं म्हणाले होते. आणि थोड्या वेळाने, "पण तिची ती नजर काय माज्या डोळ्यासमोरून जात नाय हो..."

"तू बरोबर केलंस म्हणाले," मी सांगितलं. दुसरं तोंडावर सांगवेना; हे वाचेल तेव्हा तिला कळेलच.

"आणि?"

"एवढंच."

तिने मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही. ओवी शाळेतून आली होती. दप्तर टाकून टेबलाशी बसली. प्राजक्ताने शेजारची, आंगण्यांची खुर्ची पुढे ओढली, पण ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.